कांचेआडचा समुद्र



समुद्रापासून दूर, जंगलाच्या कुशींत जन्म काढलेल्या माणसानें समुद्राविषयीं बोलावयास बसावें, हें आपणांस कदाचित् चमत्कारिक वाटेल. माझें गांव भद्रावती. पूर्वींच्या चांदा व आतांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील हें प्राचीन स्थळ. रेल्वेच्या स्थानकाला भांदक हेंच जुनें नांव आहे. भद्रनागाचें मंदिर, पार्श्वनाथाचें जैन देवालय आणि विजासनच्या टेकडींत कोरलेलीं बौद्ध लेणीं, अशीं तीन परंपरांचीं स्थानें येथें एकाच गांवांत नांदत आहेत. परंतु खारें वारें मात्र येथें कधीं वाहत नाहीं. मुंबई आगगाडीनें आठशें किलोमीटरांहून दूर. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें आपण विचाराल, तर माझें उत्तर इतकेंच कीं, एका मुलीनें मला प्रश्न विचारला आहे, आणि शिक्षकाला प्रश्न टाळतां येत नाहीं.

माझी एक भाची नोकरीनिमित्त अमेरिकेंत असते. मागें ती आपल्या कुटुंबासह कॅरिबियन समुद्रांत जहाजाची सहल करून आली. पूर्वीं लोक जहाजांत बसत ते कोठें तरी पोंचण्यासाठीं. आतां जहाजांत बसणें हाच हेतु झाला आहे. सकाळीं एका बेटावर उतरावयाचें, संध्याकाळीं पुनः जहाजावर यावयाचें, असा तो क्रम. त्यांत सेंट टॉमस नांवाचें बेट लागलें. हें बेट मूळ डेन्मार्कच्या ताब्यांत होतें. १८४८ सालीं तेथील गुलाम मुक्त झाले आणि १९१७ सालीं अमेरिकेनें अडीच कोटि डॉलर देऊन तें शेजारच्या बेटांसह विकत घेतलें. त्या बेटावर ‘कोरल वर्ल्ड’ नांवाची सागरी प्राण्यांची बाग १९७८ पासून आहे. तेथें समुद्रांतच एक मनोरा उभारलेला असून त्याच्या पायऱ्या पाण्याच्या पातळीखालीं उतरतात आणि भोंवतालच्या खिडक्यांतून समुद्राचा तळ दिसतो.

भाचीनें लिहिलें, “मामा, तेथें गंमत अशी कीं कांचेंत आम्ही होतों आणि मासे बाहेर मोकळे होते. पण त्याच बागेंत दुसरीकडे डॉल्फिन पाळलेले होते. मुलांना फार मजा वाटली. मला मात्र आनंद मानावा कीं वाईट वाटून घ्यावें, तें कळेना. तुम्ही आम्हांला इतिहास शिकवलात. आतां याचा इतिहास सांगा.”

या पत्राचें उत्तर लिहितां लिहितां जें वाचलें, जें आठवलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

जिवंत समुद्र घरांत आणण्याची खटपट तशी फार जुनी नव्हे. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. बाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध देवळाचे एक धर्माधिकारी होते. प्रवाळ जगावे तर पाण्यांत हवा मिसळत राहिली पाहिजे. यंत्र तर नव्हतें. तेव्हां घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून एका भांड्यांतील पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. रोज, नेमानें, बराच वेळ. आज प्रत्येक मत्स्यालयांत बुडबुडे सोडणारें जें यंत्र गुरगुरत असतें, त्याचें काम प्रथम त्या मोलकरणीच्या हातांनीं केलें. बाईंचें नांव इतिहासांत राहिलें. मोलकरणीचें राहिलें नाहीं. इतिहासाची ही खोड आपणांस परिचित आहेच.

पुढें १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें एका टाकींत दोन लहान सोनेरी मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवून असें दाखविलें कीं, वनस्पति प्राणवायु देतात, मासे तो घेतात, गोगलगाई सडकी पानें खाऊन टाकतात, आणि अशा रीतीनें पाणी न बदलतांही तें लहानसें जग चालू राहतें. या शोधावर भिस्त ठेवून लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें १८५३ सालीं ‘मत्स्यगृह’ उघडलें. सर्वसाधारण लोकांसाठीं उघडलेलें जगांतील पहिलें मत्स्यालय तें हेंच. त्या कामीं साह्य करणारे निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनीं दुसऱ्याच वर्षीं एक ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘ॲक्वेरियम’ हें नांव दिलें. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर गुरांच्या डोणीचें नांव गॉस यांनीं समुद्राच्या पेटीला दिलें!

आतां या कथेंतील पहिला बोधप्रद भाग ऐका. गॉस यांच्या ग्रंथानें इंग्लंडांत असें वेड पसरलें कीं प्रत्येक सुखवस्तु घराच्या दिवाणखान्यांत कांचेची पेटी हवीच. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. खडकांमधील डबक्यांत युगानुयुगें वाढलेली रंगीत जीवसृष्टि त्यांनीं खरवडून नेली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालीं लिहिलेल्या आठवणींत याविषयीं तीव्र खेद व्यक्त केला आहे. ज्या माणसानें समुद्रावर प्रेम करावयास शिकविलें, त्याच्याच शिकवणुकीनें किनारे ओस पडले. द्वेषानें होणारा नाश आपण ओळखतों. आवडीनें होणारा नाश ओळखावयास मात्र वेळ लागतो.

आपल्याकडे माशांची आवड नव्हती असें मुळींच नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा जो ज्ञानकोश रचिला, त्यांत मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, कोणाला काय खाऊं घालावें, गळ कसा टाकावा, याचें त्यांत सविस्तर वर्णन असून, मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. राजाचा तो विनोद गळाचा होता हें खरें. परंतु मारावयाचें असलें तरी आधीं ओळखावें, एवढी बुद्धि त्यांत दिसते.

कांचेच्या मत्स्यालयाची इंग्रजी कल्पना हिंदुस्थानांत प्रथम उतरली ती मद्रासेस. तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांच्या पुढाकारानें समुद्रकांठीं १९०९ सालीं मत्स्यालय उघडलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें बंद पडलें. त्यानंतरचा मोठा प्रयत्न आपल्या मुंबईचा. मरीन ड्राइव्हवर, चर्नीरोड स्थानकाजवळ, आठ लाख रुपये खर्चून मत्स्यालय बांधण्यांत आलें. त्यांतील दोन लाख रुपये दा. भ. तारापोरवाला या पारशी दात्याचे, म्हणून त्यांचें नांव त्यास दिलें. १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे त्याचा कारभार होता. राणीच्या बागेप्रमाणेंच मुंबई पाहावयास आलेल्या पाहुण्यानें तारापोरवाला पाहिल्यावांचून परत जावयाचें नाहीं, असा प्रघातच पडून गेला.

मींही एकदां तें पाहिलें. १९९४ च्या दिवाळीनंतर शाळेचीं पंचवीस मुलें घेऊन आम्ही दोघे शिक्षक भांदकहून निघालों, वर्ध्यास गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशीं मुंबईस उतरलों. त्यांतील एकाही मुलानें तोंपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. बाहेर खरा समुद्र उसळत होता. पण मुलांना त्याचें भय वाटलें. आंत, अंधाऱ्या दालनांत, उजळलेल्या कांचांमागें तोच समुद्र शहाणा होऊन बसला होता. शेवंड, पाकट, निरनिराळ्या रंगांचे लहान मासे, आणि एक संथपणें पोहणारें कांसव. मुलें कांचेला नाक लावून उभीं राहिलीं. जंगलांतल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकांतून वर्षभर शिकवूनही मीं जें दाखवूं शकलों नसतों, तें त्या अर्ध्या तासानें दाखविलें, हें मी प्रामाणिकपणें सांगतों.

परंतु त्या पंचविसांत धिवराचा एक मुलगा होता. वडिलांबरोबर तळ्यावर आणि नदीवर जाणारा. पुस्तकांत मागें, पाण्यांत पुढें. तो बराच वेळ एकाच टाकीपुढें उभा होता. मीं हांक मारली तेव्हां त्यानें मला विचारलें, “गुरुजी, याइले वाहतं पानी नाही का जी?”

मीं त्याला पाणी कसें गाळतात, हवा कशी सोडतात, तें सांगितलें. त्यानें मान हलविली, पण त्याचें समाधान झालें नव्हतें. त्याचा प्रश्न पाण्याच्या स्वच्छतेचा नव्हताच. ज्या जिवाचें आयुष्यच प्रवाहाच्या विरुद्ध वा प्रवाहाबरोबर जाण्यांत आहे, त्याला जाण्याची दिशाच नसेल तर काय, असें त्याला विचारावयाचें होतें. दोष तेथील सेवकांचा नव्हता. ते आपलें काम नेटकें करीत होते. दोष असेल तर तो कांचेच्या स्वभावांतच होता. त्या दिवशीं मजजवळ उत्तर नव्हतें, आणि मीं विषय बदलून मुलांना चौपाटीवर नेलें. शिक्षकाच्या आयुष्यांत अशा पळवाटा कांहीं थोड्या नसतात. पण त्या विसरल्या जात नाहींत.

त्या इमारतीचें पुढें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. २०१५ च्या मार्च महिन्यांत नवीन रूप देऊन ती पुनः उघडण्यांत आली. पारदर्शक कमानीखालून चालतांना मासे डोक्यावरून जात, अशी बारा फुटांची वाट तींत केलेली होती. २०२० च्या साथीच्या वेळीं मत्स्यालयाचे दरवाजे मिटले. त्यानंतर इमारत धोकादायक ठरली आणि ती पाडण्यांत आली. खाऱ्या वाऱ्याशीं सत्तर वर्षें झुंजून कांचेआडचा समुद्र शेवटीं भिंतीसह नाहींसा झाला. आतां नवें मत्स्यालय कसें असावें, हा प्रश्न पुढें आहे. आणि म्हणूनच भाचीच्या पत्रांतला दुसरा भाग, म्हणजे डॉल्फिनचा, आपणांस टाळतां येत नाहीं.

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो हवेंत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा, कळपांत राहणारा आणि आवाजाच्या प्रतिध्वनीनें दिशा ओळखणारा प्राणी आहे. अमेरिकेंतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९३८ सालीं ‘मरीन स्टुडिओज्’ नांवाची संस्था निघाली. हेतु होता पाण्याखालचीं चित्रपटदृश्यें घेण्याचा. परंतु टाक्यांतील डॉल्फिन शिकविल्याप्रमाणें उड्या मारतात असें दिसून आल्यावर चित्रपट मागें पडला आणि खेळ पुढें आला. तेथून ही प्रथा जगभर, आणि कॅरिबियन बेटांवरही पसरली. माझ्या भाचीनें पाहिलेल्या बागेंत डॉल्फिन आले ते २०१९ सालीं. एकाच आवारांत मनुष्यानें स्वतः कांचेंत जाऊन मोकळे मासे पाहण्याची युक्ति आहे, आणि प्राण्याला कोंडून खेळविण्याचीही आहे. म्हणजे या विषयाचा सगळा इतिहास तेथें एका दुपारीं पाहावयास मिळतो.

ही लाट भारतांत आली नाहीं असें नाहीं. १९९८ सालीं मद्रासजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणून खेळ सुरू झाले. ते प्राणी कांहीं महिन्यांतच मेले. तरीही असे उपक्रम काढण्याच्या योजना ठिकठिकाणीं होत राहिल्या. अखेर २०१३ च्या मे महिन्यांत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानें डॉल्फिनच्या खेळांसाठीं कोणासही परवानगी देऊं नये, असें ठरविलें. गंगेंतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरविणाऱ्या देशानें त्याच्याच सोयऱ्याला हौदांत नाचवूं नये, हें सुसंगतच झालें. हा निर्णय अनेक धनाढ्य राष्ट्रांच्या आधीं आपण घेतला, याचा अभिमान वाटण्यास हरकत नाहीं.

आणि येथें मला माझ्याच जिल्ह्यांतील एका दगडाची आठवण होते. नागभीड तालुक्यांत देवटेक नांवाचें गांव आहे. तेथें सांपडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. त्यांपैकीं जुना प्राकृत भाषेंत व ब्राह्मी लिपींत असून, प्राण्यांना पकडूं नये व मारूं नये अशी आज्ञा त्यांत दिलेली आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हा लेख अशोकाच्या काळांतला, त्याच्या एका अधिकाऱ्यानें कोरविलेला, असें मत मांडलें. पुढें कित्येक शतकांनीं वाकाटक रुद्रसेनानें त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला. अशोकाच्या स्तंभांवरील आज्ञांमध्यें तर कांसवें व कांहीं जातींचे मासे यांचीं नांवेंच दिलेलीं असून, ठराविक तिथींस मासे मारूं वा विकूं नयेत असेंही सांगितलें आहे. यांत मला विशेष वाटतें तें असें कीं, देवटेकच्या शिळेवर ‘मारूं नये’ एवढेंच म्हटलेलें नाहीं. ‘पकडूं नये’ हेंही म्हटलें आहे. मारणें आणि कोंडणें हीं दोन निरनिराळीं दुःखें आहेत, हें त्या आज्ञा देणाऱ्यास ठाऊक होतें. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं आमच्या रानांत कोरलेलें वाक्य २०१३ सालच्या सरकारी पत्रकाशीं असें जुळावें, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यास रोमांचकारी वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मग जलचर पाहूंच नयेत काय? तसें माझें म्हणणें नाहीं. महाडजवळ काळ नदींत वाळणकोंड नांवाचा डोह आहे. देवीचा डोह म्हणून तेथील मासे गांवकरी धरीत नाहींत. भाविक कांठावर उभे राहून त्यांना खाऊं घालतात आणि मोठमोठे मासे वर येतात. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसेश्वरासही असेंच आहे. या मत्स्यालयांना कांच नाहीं, तिकीट नाहीं, यंत्र नाहीं. आणि मुख्य म्हणजे पाणी वाहतें आहे. समुद्राकडे पाहिलें तर १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्य घोषित झालें. नाना फडणविसांचें गांव म्हणून इतिहासांत प्रसिद्ध असलेल्या वेळास येथें २००२ सालीं सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें व गांवकऱ्यांनीं मिळून समुद्रकांसवांचीं अंडीं राखण्यास आरंभ केला, आणि पिलें वाळूवरून लाटांकडे धांवत जातात तें पाहावयास लोक दुरून येतात. जातांना ते कांहीं घेऊन जात नाहींत. पिलू समुद्रांत गेलें, हीच त्यांची कमाई.

अखेरीस एक गोष्ट सांगून आटोपतों. आमच्या जंगलांत समुद्र नाहीं असें मीं प्रारंभीं म्हटलें. मासे मात्र फार पुरातन आहेत! गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचाजवळ प्राणहितेच्या कांठीं कोटा नांवाचें खेडें आहे. तेथील चुनखडींत दगड झालेले मासे सांपडले आणि १८५१ सालीं लंडनच्या भूशास्त्रसंस्थेच्या पत्रिकेंत त्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें. लेपिडोटस नांवाचा हा मासा जाड, चकाकणाऱ्या, चौकोनी खवल्यांचा होता. त्याचा काळ सोळा कोटि वर्षांहूनही मागचा. नागपूरचे विद्वान मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनींही त्या भागांतील जीवाश्म जमविले. १८६३ सालीं पूर आलेल्या ओढ्यांत बुडून त्यांचा अंत झाला. कोट्याचे ते मासे मुलांना दाखवितांना मी नेहमीं म्हणत असें कीं, हें निसर्गानें केलेलें मत्स्यालय. यांतल्या माशाला भिंतीचें दुःख नाहीं, कारण भिंत आणि मासा आतां एकच झाले आहेत. जिवंत माशाविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं.

भाचीला मीं लिहिलें तें असें: मनोऱ्यांतून पाहिलेल्या माशांचा आनंद निःशंकपणें मान, कोंडलेल्या डॉल्फिनविषयीं जें वाईट वाटलें, तें मुलांपासून लपवूं नकोस. मुंबईंत नवें मत्स्यालय उभें राहावें असें मला मनापासून वाटतें. कारण समुद्र न पाहिलेलीं मुलें आमच्या रानांत अजून जन्माला येत आहेत. पण तेथें काय ठेवावें आणि काय ठेवूं नये, हें ठरवितांना प्रत्येक टाकीपुढें त्या धिवराच्या पोराचा प्रश्न विचारला जावा. ज्या जिवापुरता त्याला होकार देतां येईल, तो जीव कांचेआड असूं द्यावा. जेथें मान खालीं घालावी लागेल, तेथें कांच न लावतां आपणच चार कोस चालून पाण्याच्या कांठीं जावें.

तो मुलगा आतां कर्ता पुरुष आहे. वैनगंगेच्या कांठीं त्याचें जाळें आहे आणि पहिल्या पावसांत अंडीं घालावयास चढणारे मासे तो धरीत नाहीं, असें तो मला परवां म्हणाला. तीस वर्षांपूर्वीं मीं टाळलेलें उत्तर त्यानें आपलें आपण शोधून काढलें आहे. शिक्षकाला याहून अधिक समाधान तें कोणतें?